बियांचा रंग

झिंगराजी आबा द्राक्षाच्या बागेतही
चप्पल बांधावर काढून येतात.
पानमळ्याची सवय.
साठ वर्षं त्या बोटांनी विड्याची वेल
हेट्याच्या खोडाला लव्हाळ्यानं बांधली.
इथं तार आहे, ठिबक आहे, आडवे ओलांडे आहेत,
तरी पाय अनवाणीच.
"वेल कोनतीही असो, कुंदे,
तिले मानसाचा जोडा खपत नाही."

मी वहीत लिहिते.
शिराज, बारा ओळी, एकशेदहा आर खुंटावर.
पहिल्या वर्षी खुंटाशिवाय लावली होती.
विहिरीचं पाणी मचूळ,
पानं कडेकडेनं जळत गेली
तव्यावर विसरलेल्या पोळीसारखी.
उपटली.
हे पुस्तकात नव्हतं असं नाही,
पण पुस्तकातल्या जमिनीनं
पूर्णेकाठचं मीठ चाखलेलं नव्हतं.

खाण्याच्या द्राक्षाचं शिकलेलं सगळं
इथं विसरावं लागतं.
मणी फुगवायचा नाही, घड लांबवायचा नाही,
रंग भरला की पाणी तोडत आणायचं,
वेलीला थोडं तहानेलं ठेवायचं, फार नाही.
'थोडं' म्हणजे किती,
ते दुपारी दोन वाजता शेंड्याच्या पानाला हात लावून कळतं.
गाव बघायला आलं.
"एवढुशी? आन् बियाच बिया!
खाची नाही तं लावली काहून?"

घडाभोवतीची पूर्वेकडची पानं खुडते, पश्चिमेकडची ठेवते.
एका साली दोन्हीकडून खुडली होती,
वेलीवरच मनुका झाल्या.
त्या पानावर वहीत फक्त तारीख आहे.
लिहावंसं वाटलं नव्हतं.

आज मार्चची नऊ.
नळीच्या काचेवर एक थेंब, डोळा लावला,
निळ्यापांढऱ्याची रेघ तेविसावर.
कारखान्याचा माणूस फोनवर म्हणाला,
चोविसाच्या पुढं नको, सामू साडेतीनच्या वर नको.
साखर पळते आहे, आंबट उतरतं आहे.
दुसरीकडे म्हणे रात्री गार असतात,
रात्र आंबटपणा जपून ठेवते.
आमची रात्र उधळी,
दिवसाचं ऊन उशाशी घेऊन निजते.

आबांनी मणी तोंडात टाकला.
गर गिळला, साल सावकाश चावली,
मग बी दाढेखाली.
तळहातावर थुंकून उजेडात धरली.
"हिरवी हाये अजून. जीभ धरते."

काच म्हणते तोड.
बी म्हणते थांब.
दोघांपैकी कुणी खोटं बोलत नाही,
हीच तर पंचाईत.

मग असं ठरलं:
सहा ओळी आज रात्री, सहा शनिवारी.
क्रेटांना लाल दोरा, पांढरा दोरा.
फोनवर पाऊण तास भांडून
दोन वेगळ्या लहान टाक्या मिळवल्या.
एक वर्ष एकच उत्तर देतं,
कधी अर्धंच.
निदान प्रश्न तरी नीट मांडावा.

पहाटे तीन. कपाळावर दिवे बांधलेल्या बाया
ओळींतून सरकतात, कात्र्या किटकिटतात.
शहानूरच्या अंगानं थोडा वारा.
आबा बांधावर मांडी घालून, अजून तीच बी चघळत.
"चव कशी लागते व त्याची, शेवटी?"
"माहीत नाही आबा. मी कुठं प्यायले?"
ते हसले, दात नसलेल्या बाजूनं.
"मीबी पान इकलं जलमभर,
खाल्लं नाही कधी. तोंड येते माह्यं."

सहाव्या ओळीचा शेवटचा क्रेट भरला तेव्हा
सातपुड्याची कड दिसू लागली होती.
वही उघडली.
समासात, चिकटपट्टीखाली, या सालची पहिली बी:
देठाशी तपकिरी, टोकाला अजून हिरवट.
शेजारी बोटभर जागा सोडली,
खाली लिहिलं: शनिवार.